आपल्या माणसांबरोबर पुण्यातल्या कॅफेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे बसायचं, काय मागवायचं आणि परत यायचं की नाही हे कशावरून ठरवायचं, याभोवतीचे प्रश्न आमच्याकडे सतत येत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. तेच ते दोनदा सांगायला नको म्हणून उत्तरांमध्ये इतर प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. आम्ही कोणत्याही कॅफेला गुण देत नाही. का ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१. उगाच लांबण नको. पुण्यातला सगळ्यात चांगला कॅफे कोणता, एकच नाव सांगा.

कोणाला घेऊन जाणार आहात ते आधी सांगा. रविवारी सकाळी कॉलेजच्या मित्राबरोबर डेक्कनच्या इराणी गुडलकला जाणं हे एक सुख आहे. फुटपाथवर ताटकळण्यातही गप्पा होतात, आणि आत गेल्यावर तिसरा अनोळखी माणूस टेबलाला आला तरी काही बिघडत नाही. पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना त्याच वेळी तिथे नेलंत, तर बन मस्का कितीही चांगला असला तरी घरी परतताना रिक्षात कोणी बोलणार नाही. कॅफे तोच, वेळ तीच आणि निकाल मात्र उलटा. म्हणून एकच नाव आमच्याकडे नाही, आणि जो ठामपणे देतो तो बहुतेक एकटाच कॉफी प्यायला जातो.

२. इराणी, उडपी, अमृततुल्य, कोरेगाव पार्कातलं महागडं काहीतरी... या सगळ्यांना कॅफेच म्हणायचं का?

म्हणा की. फक्त सगळ्यांना एकच माप लावू नका. इराण्याकडे चहा, बन मस्का, ऑम्लेट, खिमा पाव ही कामं पटापट व्हायला हवीत. संगमरवरी टेबल आणि जुन्या लाकडी खुर्च्या असतील तर उत्तमच. उडप्याकडे सांबार, फिल्टर कॉफी आणि वेटरची चपळाई बघायची. वैशालीत कोणी दिवे मंद का नाहीत म्हणून विचारत नाही, तिथे एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) खायची आणि मागच्या बाजूला झाडाखाली जागा मिळाली तर नशीब समजायचं. अमृततुल्य हा उभ्याने चहा पिऊन पुढे जायचा मामला. तिथे 'बसायला जागा नाही' असं लिहिणारा माणूस पुण्यात नवा असतो.

नव्या धाटणीचे कॅफे म्हणजे कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर, बाणेर, बालेवाडीकडचे. तिथे तुम्ही पदार्थाबरोबर दीड-दोन तासांच्या खुर्चीचेही पैसे मोजता. त्यामुळे खुर्ची वाईट असेल तर ती तक्रार रास्त आहे.

३. नागपूरहून बहीण-मेव्हणे येताहेत. त्यांना 'पुण्याचं' काहीतरी दाखवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

दोन सकाळी हाताशी असतील तर एक डेक्कनला द्या, एक कॅम्पात.

डेक्कनच्या सकाळी गुडलक. १९३५ सालचं आहे, चौकालाच त्याचं नाव पडलंय. तिथे चहा-बन मस्का उरकून कलाकार कट्ट्यावरून फर्ग्युसन रस्त्याने चालत वैशाली किंवा रुपालीपर्यंत जा. दोन्ही ठिकाणी पोटभर खायचा अट्टहास नको. एकीकडे चहा, दुसरीकडे खाणं अशी वाटणी करा.

कॅम्पातल्या सकाळी ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी, १९५५ सालची. इथे एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: ती बेकरी आहे, बसून खायची सोय नाही. रांगेत उभं राहायचं, श्रुसबेरी बिस्किटं आणि मावा केक घ्यायचे आणि निघायचं. बसायचं असेल तर मार्झोरीन गाठा आणि सँडविच मागवा. कॅम्पातलं नाझ आणि डेक्कनचं लकी आता उरलेलं नाही. पाहुण्यांपैकी कोणी जुन्या आठवणीने त्यांचं नाव काढलं तर शोधत फिरू नका.

४. किती वाजता जावं?

शनिवार-रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळा टाळता आल्या तर टाळा. निवांत बसायचं तर दुपारी साडेतीन-चार. दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, संध्याकाळची गर्दी सुरू झालेली नसते, वेटरलाही तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. एक अडचण मात्र आहे: काही कॅफेंचं किचन तीन ते सहा बंद असतं, फक्त पेयं आणि केक मिळतात. भूक लागलेली माणसं बरोबर असतील तर आधी फोन करा. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी कीर्ती मिठाईच्या दुकानांना चिकटली, पण कॅफेवालेही काही मागे नाहीत.

५. गाडी कुठे लावू?

चारचाकी घेऊन फर्ग्युसन किंवा जंगली महाराज रस्त्यावर जाऊच नका. दोन्ही एकेरी आहेत. जागा हुकली की मोठा फेरा पडतो आणि टेबलावर वाट बघणाऱ्यांचा फोन यायला लागतो. वनाज ते रामवाडी मेट्रोने डेक्कन जिमखाना स्थानकावर उतरा. तिथून गुडलक चौक चालत गाठता येतो. कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डन स्थानक आणि पुढे रिक्षा.

६. पहिल्यांदाच जातोय. काय मागवलं म्हणजे किचनची लायकी कळेल?

ज्याला लपायला जागा नाही असं काहीतरी मागवा. चीज, मेयोनीज आणि पेरीपेरी मसाला या तिघांनी झाकल्यावर शिळा पावही ताजा वाटतो. त्यामुळे मेन्यूच्या पहिल्या पानावरचं 'आमची खासियत' पहिल्या भेटीत सोडून द्या.

साधं मसाला ऑम्लेट हा चांगला पारखी आहे. कडा करपलेल्या आणि मध्ये ओलं म्हणजे तवा फार तापलेला होता आणि करणारा घाईत होता. फ्रेंच फ्राइज मागवा, पण पहिला लगेच आणि शेवटचा पाच मिनिटांनी खा. जुन्या तेलाचा वास गरम असताना दबून राहतो, गार झाल्यावर वर येतो. टोमॅटो सूप गोड लागलं तर ते बहुतेक पाकिटातलं किंवा केचपच्या भरवशावरचं असतं. व्हाइट सॉस पास्त्यात चमचा फिरवून जिभेच्या टोकावर घ्या. कच्च्या मैद्याची चव आली तर मैदा नीट परतलेला नाही, आणि सॉस फुटून कडेला तूप सुटलं असेल तर ते परत गरम केलेलं आहे. पास्ता चावताना थोडा लागला पाहिजे. आपल्याकडे मात्र 'जरा मऊ करा' असं सांगणारी गिऱ्हाइकं इतकी असतात की अनेक आचारी आधीच शिजवून ठेवतात. तो दोष निम्मा आपला.

क्रोसाँ ठेवत असतील तर एक मागवा आणि आडवं कापा. आत जाळीदार पोकळ्या दिसल्या, बोटांना लोण्याचा वास राहिला, कपच्या टेबलभर सांडल्या की समजायचं काम मनापासून केलंय. आत पावासारखा गच्च गर असेल तर तो बनच आहे, फक्त वाकवलेला.

चार माणसं असाल तर चार वेगवेगळ्या साध्या गोष्टी मागवून वाटून खा. एकाच भेटीत निम्मा मेन्यू कळतो. आजोबांना उष्टं चालत नसेल तर रिकाम्या बशा आधीच मागून घ्या.

७. कॉफीतलं मला काही कळत नाही. चांगली-वाईट कशी ओळखू?

कळण्यासारखं थोडंच आहे. एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेला कॉफीचा दाट अर्क, साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरतो. फार लवकर उतरला तर आंबट आणि पाणचट लागतो, फार रेंगाळला तर जिभेवर कडवटपणा बसतो. कपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट या सगळ्यांच्या तळाशी तोच एस्प्रेसो असतो, फरक दुधाचा आणि फेसाचा. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवतात. तेवढ्यावर ते गोडसर लागतं. त्याच्या फार पुढे गेलं की उकळल्याचा वास येतो आणि फेस साबणाच्या बुडबुड्यांसारखा मोठा होतो.

इथे घरोघरी एक भांडण ठरलेलं. बाबांना चटका बसेल इतकी गरम कॉफी लागते, आणि ६५ अंशांची कॉफी आली की 'गार आणलीय' म्हणून ते परत पाठवतात. कॉफी करणाऱ्या बरिस्ताने कपाळाला आठ्या घातल्या तरी बाबांची बाजू घ्या. 'जास्त गरम' असं ऑर्डर देतानाच सांगितलं की प्रश्न मिटतो. किंवा त्यांना फिल्टर कॉफी मिळेल तिथेच न्या. ती डबरा-पेल्यात वाफाळती येते आणि चिकोरीमुळे दाटही लागते.

कोल्ड ब्रू म्हणजे कोल्ड कॉफी नव्हे. भरड कॉफी गार पाण्यात १२ ते २४ तास भिजवून गाळतात. तिच्यात दूध-साखर नसते. आपली कोल्ड कॉफी म्हणजे दूध, साखर, कॉफी आणि बर्फ घुसळून केलेली, एमआयटीजवळच्या दुर्गात पोरं पितात ती. दोन्हींची तुलना करून कोणाला नावं ठेवू नका.

८. बन मस्का 'खरा' आहे हे कसं कळतं?

बन त्याच दिवशीचा असावा. बोटाने दाबला की परत वर येतो. मस्का गार आणि जाड असला पाहिजे, दाताला लागला पाहिजे. घास गिळल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला तर त्यात लोण्याबरोबर, किंवा लोण्याऐवजी, दुसरं काहीतरी आहे. बन आणि ब्रून यात घोळ करू नका. ब्रून वरून कडक असतो आणि चहात बुडवल्याशिवाय ज्येष्ठांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

इराणी चहाचा कोरा अर्क आणि आटवलेलं दूध वेगवेगळं ठेवून कपात एकत्र करतात. म्हणून तो दाट असतो आणि आल्याचा झणका नसतो. आलं हवं असेल तर अमृततुल्यला जा. इराण्याकडे आलं मागून त्याला अडचणीत आणू नका.

९. वातावरण चांगलं आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं काय बघायचं?

भिंतीवरची नक्षी, निऑनमधलं इंग्रजी वाक्य आणि छताला टांगलेली वेतकामाची टोपली हे सगळं बाजूला ठेवा. ते फोटोत येतं, तुमच्या दीड तासात येत नाही.

पहिली कसोटी आवाजाची. समोर बसलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोला. त्याने पुढे झुकून 'काय?' विचारलं की बाकी सगळं चांगलं असूनही ती जागा गप्पांसाठी नाही. यात दोष बहुतेक वेळा गाण्यांचा नसतो. उघडं काँक्रीट, काच आणि फरशी यांवर आवाज आपटून परत येतो. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं तो शोषून घेतात. जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात थाटलेले कॅफे बोलायला बरे वाटतात त्याचं एक कारण हेही की तिथे लहान खोल्या असतात, एकच मोठा हॉल नसतो. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसू नका. पावसाची मजा पाच मिनिटं, मग फक्त पत्रा ऐकायचा.

दुसरी कसोटी नाकाची. दारातून आत शिरताना कॉफी, लोणी, भाजलेला पाव यांचा वास यावा. तळणाचा धूर यायला लागला तर किचनमधली हवा बाहेर काढायची सोय नीट नाही, आणि संध्याकाळी तुमची साडी किंवा स्वेटर तेच सांगेल.

मग खुर्ची. पाठ नसलेल्या उंच स्टुलावर वीस मिनिटांपुढे कोणी बसू शकत नाही, आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं. दोन टेबलांमध्ये अंतर किती, शेजारच्यांचा घटस्फोट आपल्याला तपशीलवार ऐकू येतो का, तेही बघा. आणि स्वच्छतागृह. आम्ही बसण्याआधी ते बघून येतो. जिथे गिऱ्हाइकाला दिसणारी जागा स्वच्छ नाही तिथे न दिसणाऱ्या किचनबद्दल फार आशा ठेवू नये.

वेटर कसा बोलतो हा वातावरणाचाच भाग, पण त्याचं माप थोडं सैल ठेवा. इराण्याकडचा तुटकपणा म्हणजे उद्धटपणा नव्हे. पाट्यांवर वाढलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

१०. गाणी फार मोठ्याने लावली होती. कमी करा म्हणणं वाईट दिसतं का?

अजिबात नाही. काउंटरवर जाऊन हळू आवाजात सांगा, टेबलावरून ओरडून नको. बहुतेक जण लगेच कमी करतात. दहा मिनिटांनी परत वाढवलं तर मात्र ती त्यांची आवड आहे, तुम्ही जागा बदला.

११. आजी-आजोबांना पहिल्यांदा 'अशा' कॅफेत न्यायचंय. काय काळजी घेऊ?

आदल्या दिवशी फोन करून विचारा: पायऱ्या किती, हात असलेली खुर्ची आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. गच्चीवरचे कॅफे लिफ्ट असूनही शेवटचा मजला जिन्याने चढायला लावतात. हे तिथे गेल्यावरच कळतं.

मेन्यू क्यूआर कोडवर असेल तर छापील मागा, बहुतेकांकडे एखादी प्रत असते. किमतींचा रकाना आजीच्या डोळ्यांसमोर आला तर ती 'मला भूकच नाही' म्हणणार हे गृहीत धरा. तिच्या वतीने तुम्ही ऑर्डर द्या, पण 'आजी, सँडविच चालेल का, दोघींत एक?' असं विचारून. वाटून घ्यायचं म्हटलं की ती खाते.

मधुमेह असेल तर आइस्ड टी आणि फ्रॅपेपासून लांब राहा. ते अनेक ठिकाणी आधीच गोड केलेल्या सिरपपासून किंवा पावडरीपासून करतात, 'बिनसाखरेचं द्या' म्हणून काही होत नाही. साधा चहा किंवा कपुचिनो आणि साखर वेगळी, हे सोपं.

१२. तीन वर्षांची मुलगी बरोबर असते. कॅफेत जावं की नाही?

जावं, पण तिच्या वेळेला, आपल्या नाही. भूक लागण्याआधी पोचा आणि तिचं खाणं पहिल्यांदा मागवा, आपलं नंतर. उंच खुर्ची आहे का विचारा. मोकळं अंगण किंवा बाग असलेली जागा निवडताना दार रस्त्यावर उघडतं का तेही बघा. पावसाळ्यात बागेत डास असतात. कोल्ड कॉफीचा घोट 'थोडासाच' म्हणून देऊ नका, तिच्यात कॅफिन असतं आणि रात्री जागायला तुम्हालाच लागतं. बाळाचा घरचा डबा कोणीही शहाणा मालक अडवत नाही. मोठ्यांच्या डब्याबद्दल मात्र तीच अपेक्षा ठेवू नका.

१३. लग्नासाठी मुलाला पहिल्यांदा भेटायचंय, घरी कांदेपोहे नकोत. कसा कॅफे निवडू?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे निम्मे आई-वडील असतात.

दोघांपैकी कोणाचाच नेहमीचा अड्डा नसलेली जागा घ्या. तुमच्या अड्ड्यावर वेटर 'आज एकट्याच?' विचारणार आणि त्याच्या अड्ड्यावर तुम्ही पाहुण्या होणार. सकाळी अकराची वेळ बरी. बोलणं जमलं तर जेवणापर्यंत लांबवता येतं, नाही जमलं तर एका कॉफीत उठता येतं. सोफ्याचा कोपरा किंवा मेणबत्तीचं टेबल नको. भिंतीकडचं दोन खुर्च्यांचं टेबल घ्या. आवाजाची कसोटी (प्रश्न ९) इथे सगळ्यात महत्त्वाची.

हाताने खायचे, सॉस गळणारे पदार्थ टाळा. बर्गर खाताना कोणीच चांगलं दिसत नाही. आणि समोरचा वेटरशी कसा बोलतो ते नीट बघा. पत्रिकेत ते लिहिलेलं नसतं.

बिल निम्मं-निम्मं. एकाने फारच आग्रह केला तर 'पुढचं माझं' म्हणावं, पण पुढचं व्हावं असं वाटत असेल तरच. आई-बाबांना शेजारच्या टेबलावर 'योगायोगाने' बसवू नका. ताकाला जायचं तर भांडं लपवू नये. ती दोघं आली तर सरळ ओळख करून द्या.

१४. आईचा उपास असतो, बाबा अंडंही खात नाहीत. केक-पेस्ट्री मागवताना काय विचारावं?

अंड्याचं सगळे विचारतात, जिलेटिनचं कोणी विचारत नाही. न भाजता गोठवलेलं चीजकेक, मूस, काही पुडिंगं यांत ते असू शकतं आणि ते प्राणिजन्य असतं. त्याऐवजी समुद्री शेवाळापासूनचं अगार वापरलं असेल तर चालतं. तिरामिसूच्या मूळ कृतीत कच्चं अंडं असतं आणि पुष्कळदा मद्यही. पुण्यात बिनअंड्याचा सर्रास मिळतो, पण मद्याचं वेगळं विचारा. हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनातला त्रिकोण म्हणजे मांसाहारी.

उपासाला नव्या धाटणीच्या कॅफेत फारसं काही नसतं. फ्राइज चालतील असं वाटतं, पण ज्या तेलात ते तळतात त्यातच बाकीचंही तळलेलं असतं, आणि मीठ-मसाल्याचा प्रश्न वेगळाच. चतुर्थी-एकादशीला सरळ साबुदाणा खिचडी मिळेल अशा जागी जा. आईला फळांच्या प्लेटसमोर बसवून बाकीच्यांनी पिझ्झा खाणं बरं दिसत नाही.

१५. बिलात सेवा शुल्क लावलं होतं. द्यावंच लागतं का? आणि जीएसटी?

सेवा शुल्क देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलांनी ते बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या योग्य ठरवल्या. लावलेलं दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाहुण्यांसमोर वाद नको असेल तर बिलाच्या वेळी एकट्याने काउंटरवर जा.

जीएसटी मात्र कर आहे, तो नाकारता येत नाही. साध्या कॅफेत ५ टक्के, म्हणजे बिलावर अडीच अधिक अडीच. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा, छोटा व्यावसायिक गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे.

टीप हा यापेक्षा वेगळा विषय. ती वेटरच्या हातात, रोख द्या.

१६. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले. हे बेकायदा ना?

बसून प्यायला दिलेल्या बाटलीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना ती मुभा दिली. कारण तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसण्याची सोयही घेता. वेटर 'बिसलेरी की...' असं विचारतो आणि वाक्य पूर्ण करत नाही. तुम्ही पूर्ण करा: 'साधं पाणी'.

१७. तुम्ही दहापैकी गुण का देत नाही?

कारण साडेसात म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही. कॉफीला नऊ, आवाजाला तीन, सरासरी सहा. या सहाचा ना कॉफीसाठी एकटं जाणाऱ्याला उपयोग, ना आजीला नेणाऱ्याला. त्याऐवजी लिहिताना चार गोष्टी टाका: कोण कोण गेलो होतो, वार आणि वेळ, काय मागवलं, आणि उठताना कोणी 'परत येऊ' म्हटलं का. 'दोघं साठीच्या पुढचे, मंगळवारी चार वाजता, थालीपीठ आणि चहा, आईच म्हणाली की मावशीला घेऊन येऊ' या एका ओळीत पाच ताऱ्यांपेक्षा जास्त माहिती आहे.

१८. इंटरनेटवरचे तारे बघून गेलो आणि फसलो. मग विश्वास कशावर ठेवायचा?

पाच तारे आणि एक तारा दोन्ही वगळून तीन-चार ताऱ्यांचं वाचा. ती माणसं सहसा रागावलेली नसतात आणि खूशही केलेली नसतात. एकाच आठवड्यात आलेली, वेटरचं नाव घेऊन कौतुक करणारी पाच-सहा मतं दिसली तर पुढे चला. 'पाच तारे द्या, ब्राउनी फुकट' असं टेबलावर लिहिलेलं बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. गूगलच्या नियमांत असं काही देऊन मत घेणं बसत नाही. ब्राउनी नको म्हणा, किंवा पैसे देऊन घ्या आणि मग खरं लिहा.

नवा कॅफे उघडल्यापासून पहिला महिनाभर वाईट मत लिहू नये असं आमचं मत आहे. चांगलंही शक्यतो नको, कारण तेव्हा मालक स्वतः टेबलाशी उभा असतो.

१९. पदार्थ खराब निघाला, पण बरोबरच्यांचा मूड घालवायचा नाही. काय करू?

दुसऱ्या घासालाच सांगा. निम्मी प्लेट संपवून केलेल्या तक्रारीला वजन नसतं. 'यात आंबट वास येतोय, बघता का?' एवढं पुरे. आवडलं नाही आणि खराब आहे या दोन वेगळ्या गोष्टी. नावडलेल्याचे पैसे द्यावेच लागतात.

एकदा एका कॅफेत आमच्या काकूंच्या सँडविचमधली चटणी फसफसलेली होती. काकू म्हणाल्या, 'राहू दे, खाते मी.' पाहुणी बाई असंच म्हणते, म्हणून यजमानाने तिच्यावर सोडू नये, स्वतः उठावं. प्लेट बदलून आली, माफीही मागितली, आणि आम्ही तिथे अजून जातो. चूक कशी निस्तरली हे आम्ही चुकीपेक्षा जास्त धरतो.

२०. शेजारच्या टेबलावर सिगारेट चालू होती. उघड्यावर बसलो होतो. बोलता येतं का?

येतं. २००८ च्या नियमांनुसार रेस्टॉरंटमध्ये धूम्रपानाला बंदी आहे. तीस किंवा जास्त आसनं असतील तर वेगळी धूम्रपानाची खोली करता येते, ती मुख्य जागेपासून तोडलेली हवी. उघडं अंगण हे मालकांनी काढलेलं पळवाटेचं दार आहे. माणसाशी न भांडता व्यवस्थापकाला सांगा. हुक्क्याचा प्रश्नच नाही, महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरवर बंदी आहे.

२१. बाहेरचा केक कापायचा असेल तर?

आधी विचारा. काही जण चालवून घेतात, काही थाळी-सुरीचे पैसे लावतात, काही नाही म्हणतात. तिन्ही उत्तरं त्यांच्या हक्कातली. फोमचे फवारे आणि कागदी कपटे उडवणाऱ्या नळ्या नेऊ नका, शेजारच्या कॉफीत पडतात.

२२. मला आवडलं, नवऱ्याला नाही. मग कॅफे चांगला की वाईट?

दोघांचंही लिहून ठेवा, मधलं काढू नका. तुम्ही कॉफी प्यायलात आणि त्याला जेवायचं होतं, असं बहुतेक वेळा निघतं. मग तो तुमचा आणि मैत्रिणींचा कॅफे झाला. त्याला दर वेळी ओढून नेण्यात अर्थ नाही. मात्र तिसऱ्यांदाही तो 'तू ठरव' म्हणाला आणि तिथे जाऊन कुरकुरला, तर तो प्रश्न कॅफेचा नाही, आमच्या कक्षेबाहेरचा आहे.

२३. कॅफे नवऱ्याच्या मित्राने काढलाय. आम्हाला बोलावलं, जेवण बरं नव्हतं. आता तो 'दोन ओळी लिही' म्हणतोय.

लिहू नका. खोटं लिहिलंत तर तुमच्या भरवशावर जाणारे फसतील, खरं लिहिलंत तर दिवाळीला अवघड होईल. त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा. त्या रात्रीच नको, तो दमलेला असतो. सगळं वाईट होतं असं सांगून त्याला काही करता येणार नाही. 'पास्ता गार आला, बाथरूमचा दिवा लागत नव्हता, ब्राउनी मात्र छान होती' असं सांगितलंत तर दुरुस्त करता येईल. बोलावणं होतं म्हणून बिल घेतलं नसेल तर पुढच्या महिन्यात न सांगता दुपारी चारला जा, आणि पूर्ण पैसे देऊन खा. तेव्हा जे मिळेल त्यावर लिहायचं की नाही ते ठरवा.